डावीकडे

पौष संपत आलेला, भांगाचा दिवस,
पाणी वाडग्यातल्या पेजेसारखं स्वस्थ.
भाऊच्या धक्क्यावरून साडेनऊची सोडली, मोऱ्याला.
परवाना एकशे वीस माणसांचा,
माझ्या मोजणीत एकशे सतरा
आणि कडेवरची दोन, ज्यांना तिकीट नसतं
पण वजन असतं.

आधी कुरव गेले.
गाठ्या धरलेल्या बोटांवरून थवाच्या थवा उठला
आणि बुचर बेटाकडे फिरला.
घार असेल, म्हटलं.
मग ऐकू आलं.
आमचं इंजिन म्हाताऱ्यासारखं, खोकत खोकत चालतं;
हे बारीक, अखंड,
बरणीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखं.
चार पंख्यांचं काहीतरी
ताडपत्रीपासून दोन हातांवर येऊन थांबलं.

कुणीतरी ओरडलं, ड्रोन!
आणि सगळे उठले.

ते पडेल, कुणाचं कपाळ फुटेल,
ही भीती मला फार नंतर सुचली.
आधी तळव्यांना कळलं.
फळी कलली. सुकाणू हाताला परकं लागलं.
सगळे डावीकडे, हात हलवत,
मोबाइल वर धरून त्याचा फोटो काढत;
तो यांचा काढत असणार.
वालाच्या शेंगांची पाटी घसरत कठड्याला लागली.
उरणच्या दवाखान्यातली प्रज्वला सिस्टर
रोज मोऱ्यापर्यंत झोपते, तीही उठून तिथे.
डावीकडचे टायर पाण्यात गेले.
बसा! खाली बसा! मधू घरत, माझा खलाशी, बोंबलत होता.
आभाळातून कुणीतरी आपल्याकडे बघतंय
म्हटल्यावर बसतं कोण?

मी मशीन मंद केलं. हातात तेवढंच होतं.

मग त्यालाच वारा लागला, की आमची झेंड्याची काठी,
टक् असं काहीसं झालं
आणि ते ताडपत्रीवरून घरंगळत मधूच्या पुढ्यात.
उचललं तर सुक्या बोंबलांच्या जुडीएवढं हलकं.

मोऱ्याच्या जेट्टीवर सागरी पोलीस.
नाव? इस्माईल हसन मुकादम.
कार्ड?
आहे ना, साहेब.
ती माणसं याच पाण्यावरून शहरात शिरली
तेव्हापासून माझा अंगठा सरकारजमा आहे.
बोटीला नंबर, नंबराला कागद, कागदाला शिक्का.
एका बाजूला नौदलाच्या भिंती, दुसऱ्या बाजूला तेलाच्या टाक्या,
मधून जाताना मी मानसुद्धा वळवत नाही.
याचा नंबर काय?

साहेबांनी ते उलटं करून पाहिलं.
पोटावर मांजराचं स्टिकर.

पुढच्या लाँचने त्याचा मालक आला, निमिष नावाचा,
गळ्यात रिमोट, पायात पाहुण्यांच्या घरचे सपाट.
बहिणीच्या साखरपुड्याच्या व्हिडिओत
मागे समुद्र हवा होता म्हणे.
समुद्रात माणसं असतात हे लक्षात नाही आलं, म्हणाला,
आणि रडू लागला. खोटं नव्हतं ते.
चौकीत नेण्याआधी साहेबांनी चित्र लावलं.

माझी लाँच.
वरून.
इतक्या वर्षांत मी तिला वरून पाहिली नव्हती.
सूप कलतं केल्यावर तांदूळ जमतात
तशी सगळी डोकी एका कडेला,
उजवीकडे रिकामी बाकं आणि एक पिशवी.
मागे मी: पांढरी टोपी, वाटाण्याएवढी.
कठड्यापासून पाणी किती, ते स्क्रीनवर बोट ठेवून मोजलं.
अर्धं नख.

साहेब, म्हटलं, गुन्ह्याला लागेल ती प्रत तुमची,
मला एक द्या.

ती आता लाँचमध्ये लावली आहे.
खाली मधूने लाल शाईत लिहिलंय, असं करू नये.
लोक चढतात, थांबतात, वाकून आपलं डोकं शोधतात.
ही मी. अगं, ही तू नाहीस, ही मी.
मागचे पुढे सरकतात, त्यांच्या मागचे आणखी पुढे,
आणि माझ्या तळव्यांखाली
फळी जराशी कलते.

फोटो डावीकडच्या खांबाला लावला,
ही चूक माझीच.